नाव घातलेली भांडी

गडवा हातात आला तेव्हा आधी कळलं ते अनसूयाबाईंच्या अंगठ्याला. काठाखाली गडव्याची मान जिथे बारीक होते तिथे अंगठा टेकला आणि टोच्याने पाडलेल्या टिंबांची एक ओळ त्याला लागली. भांड्यावर नाव असण्यात नवल काही नाही. लेकीला दिलेल्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय कुणाचा बाप स्वस्थ बसत नाही. पण ती ओळ संपत होती तिथे एक आडवा ओरखडा होता, नाव घालणाऱ्याचा हात घसरून पडलेला, आणि तो ओरखडा अंगठ्याच्या ओळखीचा निघाला. पाण्यात काही पडलंय का ते पाहावं तसा त्यांनी गडवा जरा कलता केला. पितळ लख्ख घासलेलं होतं, फक्त अक्षरांच्या आत हिरवट राहिलं होतं. सौ. रुख्मिणी केशव पातुरकर, अकोला, शके १८३०.

"पाहून काय राहिल्या, बाई? प्या नं," माणिकबाई म्हणाली. ती समोर पाय पसरून बसली होती आणि मांडीवरच्या टोपलीतला झेंडू सुईत ओवत होती. "आमच्या विहिरीचं पानी ग्वाड हाये. का नाही चालत तुमाले?"

"चालतं," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि गडवा उचलून वरून पाणी प्यायल्या. शाळेतल्या मुलीच्या घरी गेलं की पाणी मागून प्यायचं, ही शिस्त त्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःला लावून घेतली होती. सोवळ्यातल्या बायका त्यावरून बोलायच्या तेवढं बोलून थकल्या होत्या. पाणी खरंच गोड होतं. ते उतरत असताना त्यांना वाटलं, आपल्याच भांड्यातून आपण पाहुण्यासारखं पितो आहोत. लगेच वाटलं, आपलं कसलं? दिलेलं भांडं. दिलं तेव्हाच ते सुटलं. हे त्यांनी मुलींना किती वेळा सांगितलं होतं. जुनं लुगडं बोहारणीला घालून वाडगं घेणं वेगळं आणि तेच लुगडं गरजूच्या हातात ठेवणं वेगळं. पहिल्यात आपण काहीतरी घेतो, दुसऱ्यात नाही. गेल्या दिवाळीच्या आधी सातवीच्या वर्गात हे सांगत असताना खिडकीकडच्या रांगेतून एक हात वर झाला होता. "बाई, आपल्याले नकोच असलेलं दिलं, तं ते देनं झालं का टाकनं?" वर्ग हसला होता. अनसूयाबाई हसल्या नव्हत्या. घेणाऱ्याला ते हवं असलं की देणंच झालं, असं त्यांनी सांगितलं, आणि आपल्याला उत्तर चांगलं सुचलं म्हणून त्यांना समाधानही वाटलं होतं.

तो हात याच घरातल्या मुलीचा होता. तिच्यासाठीच त्या आज शाळा सुटल्यावर भातकुलीच्या रस्त्याने चालत मळ्यापर्यंत आल्या होत्या. देवीदास माळ्याची रुख्मिणी, सातवीच्या अकरा मुलींतली एक. रोज पहाटे फुलं तोडून मग शाळेत येई, त्यामुळे तिच्या वह्यांना झेंडूचा उग्र वास असायचा आणि त्या तपासल्या की तो अनसूयाबाईंच्या बोटांवर दिवेलागणीपर्यंत राहायचा. हुशार मुली त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. ही हुशार होती की नाही हे त्यांना अजून नीट ठरवता आलं नव्हतं. पण ही शिकवलेलं घरी नेऊन तपासून पाहायची. माध्यान्ही सावली सर्वांत आखूड असते असं शिकवलं, तर हिने सुट्टीत आठ दिवस विहिरीवरच्या मोटेच्या खांबाची सावली काडीने मोजली, गिरणीचा भोंगा ऐकून बारा कधी झाले ते धरलं, आणि नवव्या दिवशी टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाई, आमच्या खांबाची सावली तं भोंग्याच्या नंतर आखूड होते. खांब चुकला का भोंगा?" त्या दिवशी अनसूयाबाईंनी व्याकरणाचा तास बाजूला ठेवला आणि रेल्वेचं घड्याळ वेगळं, सूर्याचं वेगळं, सगळ्या देशाला एकच वेळ लावून दिल्यामुळे अमरावतीचा सूर्य कसा मागे पडतो, हे फळ्यावर काढून दाखवलं. शिकवण्यातलं सुख म्हणतात ते वर्षातून एखाददोनदाच वाट्याला येतं. ते असं येतं.

ही मुलगी नऊ दिवस शाळेत आली नव्हती. सातवीची परीक्षा चैत्रात, म्हणजे दोन महिन्यांवर. ती पास झाली तर पुढे ट्रेनिंगला जाता आलं असतं, एखाद्या खेड्यातल्या शाळेत नेमणूक मिळाली असती. नापास झाली किंवा बसलीच नाही, तर सात वर्षं शिकली ते पाटीवरच्या अक्षरांसारखं पुसलं जाणार होतं. शेजारच्या मुलीने सांगितलं की फाल्गुनात तिचं लग्न आहे, नांदगाव पेठेला. अशा घरी जाऊन बोलण्याची अनसूयाबाईंना सवय होती. कायद्याचं नाव घेतलं की निम्मं काम व्हायचं. म्हणून आज ओट्यावर टेकताच त्यांनी शारदा कायदा काढला होता, आणि माणिकबाईने मान वर न करताच त्याचा निकाल लावला होता. "चौदा पुरे झाले तिले आषाढात. दाखला तुमच्याच शाळेचा हाये नं, बाई? तो कायदा आमाले पाटलानं वाचून दाखवला. पुन्हा काहून वाचता?" मग माणिकबाई उठून आत गेली होती आणि पाणी घेऊन आली होती.

आता तो गडवा अनसूयाबाईंच्या हातात होता आणि त्या तो खाली ठेवत नव्हत्या. माणिकबाईचं लक्ष गेलं. "नाव वाचून राहिल्या काय? थांबा, तुमी वाचनाऱ्या हा तं एक काम हाये तुमच्याजवळ," असं म्हणत तिने टोपली बाजूला सारली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, आणि मग ती एक एक करून ती बाहेर आणू लागली, ओट्यावर ओळीने मांडू लागली. पाण्याचा गुंड. परात. दोन पातेली, एकात एक बसणारी. ताट, वाट्या, तबक. कळशी, तिच्या बुडाला एक पोचा. तो पोचा कधी पडला तेही अनसूयाबाईंना ठाऊक होतं. वाटेत स्टेशनावर गाडी बदलताना हमालाच्या डोक्यावरून कळशी निसटली होती, आणि बाबांनी पटकन म्हटलं होतं, असू दे, असू दे, नाव तर शाबूत आहे.

नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर केशवने अंगठीने ते लिहिलं तेव्हा ते ताटात मावेना. शेवटचा 'णी' काठावर चढला आणि बायका हसल्या. तेरा वर्षांच्या अनसूयेने वाकून वाचलं. वाचता येणारी नवरी म्हणून त्याचंही कौतुक झालं. भांड्यांवरचं नाव मात्र बाबांनी आधीच सासरच्यांना विचारून घालून ठेवलं होतं, त्यामुळे मांडवात सर्वांच्या आधी ते नाव भांड्यांना माहीत होतं. नंतरही ते जास्त करून भांड्यांनाच माहीत राहिलं. अकोल्याच्या घरात तिला सगळे 'धाकटी' म्हणत. धाकटीला सांगा, धाकटीने केलं, धाकटी कुठे गेली. रुख्मिणी म्हणून कुणी हाक मारली असेल तर एकदाच. केशव नागपुरास शिकायला होता, सुट्टीत आला होता. ती मागच्या विहिरीवर पाणी शेंदत होती आणि कठड्याचा एक दगड सुटलेला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "रुख्मिणी, मागे हो." तिला वाटलं कुणा दुसरीला. ती तशीच उभी राहिली, दोर ओढत. मग त्याने येऊन दंडाला धरून तिला मागे ओढलं, आणि दोघं एकमेकांकडे पाहत राहिली, आणि तो हसू लागला. "स्वतःचं नाव ठाऊक नाही होय तुला?" दिवसाउजेडी तो तिच्याशी एवढंच बोलला. पुढच्या पावसाळ्यात नागपूरहून कार्ड आलं. ताप असं कारण लिहिलं होतं. ती सोळा वर्षांची होती. कार्ड वाचता येणारी घरातल्या बायकांत ती एकटी, म्हणून तिच्याच हातात दिलं गेलं.

बाबांनी तिला परत आणलं, केस काढू दिले नाहीत, पुन्हा शाळेत घातलं. ती परत अनसूया झाली. त्याला तांदूळ लागले नाहीत की ताट. भांडी पाठोपाठ गोणपाटात शिवून आली. अकोल्याचे लोक वाईट नव्हते, जे तिचं होतं ते त्यांनी मोजून पाठवलं. गोणपाट माळ्यावर गेलं. दर दिवाळीला आई ते खाली काढून भांडी चिंचेने घासायची, आणि घासताना नावावर डावा तळहात ठेवायची. चिंच नावाच्या कडेकडेने फिरायची. सगळी अक्षरं वाचायला चालत होती, फक्त पहिलं, ते एकटं 'सौ', तेवढं वाचायचं नव्हतं. ते अक्षर धातूत खोल गेलेलं होतं. भांड्यांवरची अक्षरं खोडून देणारे लोक बाजारात बसतात, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी आईने एकदाही ती भांडी तिकडे नेली नाहीत.

आई गेली, मग बाबा गेले. भावाने, नारायणने, घर आवरायला काढलं तेव्हा गोणपाट अंगणात आलं. "मोडीत घालू," तो म्हणाला. "चांगलं जुनं पितळ आहे. तुला शाळेला चार पुस्तकं येतील." नारायणचं बोलणं वावगं नव्हतं. पण मोडीच्या दुकानात भांडं आधी हातोडीने चेचतात, म्हणजे तराजूच्या पारड्यात नीट बसतं, हे अनसूयेने पाहिलेलं होतं. तिला ते चेचलेलं नाव डोळ्यांसमोर आलं. "विकायची नाहीत," ती म्हणाली. "मग ठेव." "ठेवायचीही नाहीत." नारायणने खांदे उडवले. त्याच वैशाखात माळ्यांच्या वस्तीला आग लागली, चाळीसेक झोपड्या गेल्या, आणि स्त्रियांच्या मंडळाने घरोघर फिरून वस्तू गोळा केल्या. अनसूयेने गोणपाट उघडलंसुद्धा नाही. मंडळाच्या दोघींनी उचलून ते बैलांच्या दमणीत टाकलं, दमणी वळणावर दिसेनाशी झाली, आणि तिला आपली पाठ एकदम हलकी झाल्यासारखी वाटली. मंडळाच्या सभेत अध्यक्षीणबाई मनकर्णाबाई म्हणाल्या की अनसूयाबाईंनी आपलं स्त्रीधन दिलं, असं मन सगळ्यांना लाभो. टाळ्या झाल्या. त्या रात्री तिला चांगली झोप लागली. ती का लागली याचा विचार करण्याचं काही कारण नव्हतं.

"हे पाहा," माणिकबाई म्हणत होती. भांडी मांडून झाली होती आणि ती त्यांच्या पलीकडे उकिडवी बसली होती. "हे समदं पोरीले द्यायचं. उद्या हे येतीन बाजारातून तं नाव टाकनाऱ्याकडे नेतीन. तो म्हनते कागदावर लिहून आना, मी पाहून टाकतो. तुमचं अक्षर गोल हाये, रुख्मी सांगते. लिहून द्या नं तुमी. नाव तं तेच हाये, त्यायनं म्हटलं तेच ठेवतो, बदलवत नाही. नवऱ्याचं तेवढं घासून काढाचं अन् सहदेव टाकाचं. गाव बदलवाचं."

"नाव तेच कसं?" अनसूयाबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांना उत्तर कळलं.

"ह्या भांड्यावरूनच ठेवलं. पोट्टी झाली तवा घर नोतं आमाले, कुडाचा मांडव होता. मंग माह्या सासूनं, पार्बताबाईनं, हा गडवा मास्तराकडून वाचून आनला."

चौदा वर्षं झाली. दोन वर्षं रोज सकाळी अनसूयाबाई हजेरी घेत होत्या. नऊ नंबरला त्या म्हणत, रुख्मिणी देवीदास, आणि खिडकीकडून येई, हाजर. पहिले काही दिवस ते नाव उच्चारताना जिभेला जरा अडलं होतं. पुढे सवय झाली. वऱ्हाडात रुख्मिण्या काय थोड्या आहेत.

त्यांनी ओळीने मांडलेल्या भांड्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात एक वाक्य तयार झालं. पुरतं तयार झालं, व्याकरणासकट. ही भांडी विधवेची आहेत. एवढं म्हटलं की पुरे. नव्या सवाष्णीला विधवेच्या नावाचं गंगेचं भांडंसुद्धा कुणी देत नाही. नांदगावच्या लोकांच्या कानावर गेलं तर ते ही भांडी दारात घेणार नाहीत, नावाचाही विचार करतील. नवी भांडी जमवायला वेळ लागेल, बोलणी लांबतील, आणि चैत्र निघून जाईल. परीक्षेला बसता येईल. कायद्याने झालं नाही ते या एका शब्दाने होईल. शब्द खोटाही नव्हता. फक्त त्याच्यावर विश्वास ठेवावा लागत होता, आणि अनसूयाबाईंनी तर सगळं आयुष्य तो विश्वास मुलींच्या डोक्यातून काढण्यात घालवलं होतं. मांजर आडवं गेलं म्हणून परतलेल्या मुलीला त्यांनी मांजराच्या मागे पाठवलं होतं. विधवा समोर आली की तोंड फिरवणाऱ्या आईच्या लेकीला त्यांनी विचारलं होतं, मग रोज माझ्या वर्गात बसतेस ती कशी? आता तीच सुरी उचलायची, आणि तिचं टोक पहिल्यांदा स्वतःकडे करूनच ती उचलता येत होती. शिवाय मुलीचं नाव. त्या नावाला आज काही लागलेलं नाही. उद्यापासून लागेल, आणि ते लावणाऱ्या त्या असतील, हजेरीच्या वहीत रोज ते लिहिणाऱ्या.

बाहेर मळ्यात कुणीतरी पाण्याची वाट बदलत होतं. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळताना मातीचा जो ओला आवाज होतो तो होत होता. त्यांना नागपूरच्या कार्डाची आठवण झाली. ते हातात आलं तेव्हाही असंच झालं होतं. वाचून झालं होतं, आणि मोठ्याने म्हणायचं राहिलं होतं.

"माणिकबाई, ही भांडी लग्नात देऊ नका."

"काहून?"

"विधवेची आहेत."

शब्द त्यांच्याच आवाजात, वर्गात शुद्धलेखन घालावं तितका स्पष्ट निघाला. माणिकबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, घृणाही नव्हती. बाजारात एखादं गिऱ्हाईक पालकाला मेथी म्हणालं तर ती जशी पाहत असेल तशी ती पाहत होती.

"ठाऊक हाये मले," ती म्हणाली. "भांडे वाटाले आल्या होत्या ना त्या बाया, त्यायनंच सांगतलं. एक जाड बाई होती, चष्म्याची, अध्यक्षीन का काय म्हनत तिले. ती म्हने, घेता तं घ्या, पन पाहून घ्या, हे इधवा बाईचे हायेत, मागून आमाले म्हनू नका. दोघी-चौघीनं नाही घेतले. माही सासू म्हने, ज्याचं छप्पर जयालं त्याले काय इटाळ? आना इकडे. पंधरा वर्सं शिजवून खाल्लं त्यात. चार पोरं वाढले. काय झालं?"

अनसूयाबाईंना सभेतल्या टाळ्या ऐकू येत होत्या आणि मनकर्णाबाईंचा चष्मा दिसत होता. असं मन सगळ्यांना लाभो. दमणी वळणाआड गेल्यावर बायकांनी गोणपाट उघडलं असेल, पहिलंच अक्षर वाचलं असेल, एकमेकींकडे पाहिलं असेल. आणि सगळ्यांना कळलं असेल की ही भांडी का दिली. त्यांना एकट्यांनाच ते पंधरा वर्षं कळायचं राहिलं. वर्गातल्या त्या मुलीने विचारलेला प्रश्न या ओट्यावर, याच भांड्यांच्या शेजारी बसून तिच्या डोक्यात आला असणार.

"मग नाव तरी का ठेवलंत तिचं?" त्यांनी विचारलं.

माणिकबाईने एक वाटी उचलून पदराने पुसली. "मी नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, दुसरं कोनतंई ठेवा. पन सासू लय हट्टी. ती म्हने, त्या बाईचं नाव आता तिच्या घरी कोनी घेत नसन. सौ लिवलं हाये ना म्हनून. बिचारी कुठी असन, कशी असन. भांडे घेतले तं नावई घ्या, म्हने, आपल्या घरी तं हाक मारतीन." ती वाटी परत ओळीत ठेवत म्हणाली, "म्हातारी मेली दोन सालं झाले. असती तं तुमाले सांगतलं असतं तिनं नीट. मले तं एवढंच ठाऊक."

ओट्यावर ऊन तिरकं झालं होतं आणि परातीच्या कडेवरून उडालेला उजेड कुडाच्या भिंतीवर एका जागी थरथरत होता. अनसूयाबाई त्या उजेडाकडे बघत बसल्या. हाक मारतीन. रोज पहाटे या मळ्यात कुणीतरी मोठ्याने हाक मारत होतं, रुख्मे, ऊठ, फुलं तोडाले चाल, आणि तिकडे शहरात, दोन कोसांवर, ते नाव जिचं होतं ती दात घासत होती, पाठ काढत होती, मुलींना सांगत होती की दिलं ते दिलं. केशवचं नाव मात्र या भांड्यांखेरीज कुठे लिहिलेलं आहे हे त्यांना आठवेना. कार्डावर होतं, कार्ड कुठे गेलं कोण जाणे. उद्या ते घासून काढतील. काढू देत. त्यांना आश्चर्य वाटलं की मनाला लागलं ते त्या घासण्याच्या विचाराने. टाळ्यांच्या आठवणीने तसं काही झालं नव्हतं.

"ती मीच," त्या म्हणाल्या.

माणिकबाईचा हात थांबला. "कोन?"

"भांड्यांवरची. लग्नातलं नाव ते माझं. अकोल्याला दिलं होतं."

माणिकबाईने त्यांच्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, मग भांड्यांकडे. शेवटी तिने पदर डोक्यावरून पुढे घेतला, जसा ती सासूसमोर घेत असेल, आणि म्हणाली, "मंग तुमी पानी पेल्या तवा काहून नाही बोलल्या?"

"बोलता आलं नाही."

"अन् आता देऊ नका म्हनून राहिल्या, ते काहून? वापस पायजे काय तुमाले?"

"नाही, नाही. भांडी तुमचीच आहेत." अनसूयाबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. कायदा संपला होता, विटाळही संपला होता, आता हातात काहीच नव्हतं, आणि काहीच नसलं की मागणं सोपं होतं असं त्यांच्या लक्षात आलं. "मला तिची परीक्षा हवी आहे. दोन महिने. चैत्रात परीक्षा, लग्न वैशाखात करा. फाल्गुनात करू नका. मी तेवढ्यासाठी आले होते, आणि लग्न लांबावं म्हणूनच ते विधवेचं बोलले. तसं बोलायला नको होतं."

"हात् बाई," माणिकबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मुलाने मडकं फोडलं की आई म्हणते तसं ती म्हणाली. "एवढं शिकून तुमी अशा डाव्या हातानं मागता? सरळ मागा नं."

"सरळच मागते आहे आता."

माणिकबाईने विचार केला. तिचा विचार दिसत होता. ओठ हलत होते, नांदगावची माणसं, मांडव, संत्र्याचा बहार, कोण रागावेल, कोणाला काय सांगायचं. नंतर तिने गुडघ्यांवर हात टेकून निकाल दिला. "वैशाखात करू. मी सांगतो ह्याइले, हे नांदगावले सांगतीन. बसतीन रुसून दोन दिवस. तुमी त्या वक्ताले आमाले दिलं, अन् आज तुमी आमच्या दारी येऊन एक चीज मागून राहिल्या. मी नाही कशी म्हनू?"

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि अनसूयाबाईंच्या तोंडात उत्तर आलं. भांड्यांसाठी नको, माणिकबाई, मुलीसाठी करा. भांड्यांचा आणि याचा काही संबंध नाही. उत्तर योग्य होतं, वर्गात त्यांनी तेच दिलं असतं आणि फळ्यावरही लिहिलं असतं. पण त्या बोलल्या असत्या तर माणिकबाईने पुन्हा विचार केला असता, नव्याने, भांडी बाजूला ठेवून, आणि तो विचार कुठे जाईल हे सांगता येत नव्हतं. नारायण म्हणाला होता, तुला चार पुस्तकं येतील. पंधरा वर्षं उशिरा का होईना, त्यांनी ती भांडी विकली होती, आणि नारायणला मिळाला असता त्याच्या कितीतरी पट भाव घेऊन विकली होती. त्यांनी तोंड मिटलं आणि भाव घेतला. जरा लाज वाटली. फार नाही.

"कागद आहे का?" त्यांनी विचारलं. "नाव लिहून देते."

कागद नव्हता. फुलं बांधायच्या वर्तमानपत्राचा कोरा समास माणिकबाईने फाडून दिला. अनसूयाबाईंनी पिशवीतून टाक आणि दौत काढली, तबक पालथं करून त्यावर कागद ठेवला आणि कित्त्यात काढतात तशी मोठी, सुटी अक्षरं काढू लागल्या. शाई सुकायला फुंकर घालत असतानाच रुख्मिणी मळ्यातून आली, पायाला चिखल, डोक्यावर फुलांची टोपली. बाईंना ओट्यावर पाहून ती जागीच थबकली, आणि मग मांडलेली भांडी पाहून तिची नजर खाली गेली.

"लगीन वैशाखात गेलं," आई म्हणाली. "उद्यापासून शाळेत जा. पन फुलं आधी तोडाचे."

रुख्मिणीने टोपली खाली ठेवली. ती हसली नाही, रडलीही नाही. तिने आधी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, खरं आहे का ते तपासल्यासारखं. मग जवळ येऊन कागदावरची अक्षरं वाचली.

"बाई," ती म्हणाली, "परीक्षेचा फारम भराचा हाये ना? त्याच्यावर कोनतं नाव लिवाचं? हे का घरचं?"

"परीक्षा आधी आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. "घरचंच लिही. बापाचं नाव पुढे लाव." त्यांनी कागद माणिकबाईच्या हातात दिला आणि टाक पुसून पिशवीत ठेवला. "नऊ दिवसांचं राहिलंय तुझं. जा, पाय धू आणि भूगोल घेऊन ये. उजेड आहे तोवर एक धडा होईल."

रुख्मिणी विहिरीकडे पळाली. माणिकबाई भांडी उचलू लागली, तेव्हा अनसूयाबाईंनी तिला थांबवलं नाही; फक्त ओटा मोकळा व्हावा म्हणून हाताशी होती ती दोन पातेली एकात एक घालून तिच्याकडे सरकवली.